बेळगावहून सहलीला निघण्यापूर्वी: नावाजलेल्या ठिकाणी हिरमोड होऊ नये म्हणून काय तपासायचं

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. पुण्याहून आत्या आणि तिच्या लेकीची दोन मुलं आमच्याकडं सुट्टीला आली होती. मुलांनी मोबाइलवर गोकाकच्या धबधब्याचा व्हिडिओ बघितला होता. तांबडंलाल पाणी, पुलापर्यंत उडणारे तुषार, रेनकोट घातलेली गर्दी. "आम्हाला हेच बघायचंय," एवढा एकच धोशा. मीही विचार न करता गाडी काढली. साठेक किलोमीटरचा रस्ता, नऊच्या आत आम्ही झुलत्या पुलाशी पोचलो. समोर घोड्याच्या नालेसारखा वळलेला काळा कातळ तापत पडला होता आणि एका कोपऱ्यातून मनगटाएवढी धार खाली उतरत होती. चुरमुरे विकणारी बाई आमच्याकडं बघून म्हणाली, "नीर इल्लरी, मळिगालदाग बर्री." पाणी नाही, पावसाळ्यात या. धाकट्यानं माझा हात ओढला, "मावशी, धबधबा कुठाय?"

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. चूक गोकाकची नव्हती, माझी होती. बेळगावात जन्म गेला तरी पाहुण्यांना कधी कुठं न्यायचं याचा मी कधी नीट विचारच केला नव्हता. तेव्हापासून कुठल्याही गाजलेल्या ठिकाणी निघताना मी काही गोष्टी ठरवून तपासते. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी भागातून निघणाऱ्या कुणालाही त्या उपयोगी पडतील, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

पहिली पायरी: फोटो कुठल्या महिन्यातला आहे ते शोधा

आपल्याला भुरळ घालणारा फोटो वर्षातल्या दहा-पंधरा दिवसांचा असतो आणि आपण जातो उरलेल्या साडेतीनशे दिवसांत. गुगल मॅप्सवर ठिकाण उघडा आणि परीक्षणं 'नवीन आधी' अशी लावा. गेल्या पंधरा दिवसांत लोकांनी टाकलेले, हौशी, वाकडेतिकडे फोटो बघा. ते नसतील तर गेल्या वर्षीचा हाच महिना शोधा. ड्रोननं काढलेले आणि संगीत लावलेले व्हिडिओ बाजूला ठेवा.

फोटोतच पुष्कळ खुणा सापडतात. गवत हिरवंगार, लोकांच्या हातात छत्र्या आणि आभाळ भरलेलं असेल तर जुलै-ऑगस्ट. पाणी भरपूर आणि आभाळ निळं असेल, तर तो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचा चिमूटभर काळ. सह्याद्रीतले बहुतेक सुंदर फोटो त्याच दिवसांतले असतात. गवत पिवळं झालं की पाण्याची आशा सोडा.

जवळून काढलेल्या फोटोचंही भान ठेवा. कास पठाराचं उदाहरण घ्या. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं हे पठार खरोखर अनमोल आहे, पण तिथली बरीच फुलं नखाएवढी असतात. फोटोत ती पडदाभर दिसतात. आमच्या शेजारच्या काकू अडीचशे किलोमीटर गाडीत बसून गेल्या, कुंपणाबाहेरून दहा मिनिटं बघितलं आणि "एवढ्यासाठी?" म्हणून परतल्या. गुडघे टेकून, डोळे जमिनीजवळ नेऊन बघायची तयारी असेल तर कास तुम्हाला भरभरून देतं. बागेसारखा गालिचा मनात धरून गेलात तर हिरमोड ठरलेला. आगाऊ ऑनलाइन नोंदणीही विसरू नका.

आंबोलीजवळच्या कावळेसादचा 'उलटा धबधबा' तसाच. दरीतून येणारा वारा पाण्याला वर फेकतो हे खरं आहे. पण त्यासाठी जोराचा वारा दरीकडूनच यायला हवा आणि धुकं नको. हे तिन्ही एकाच वेळी जुळणं नशिबाचा भाग. ते दृश्य दिसेल असं मुलांना कबूल करू नका.

दुसरी पायरी: पाणी कुणाच्या हातात आहे ते विचारा

माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी हीच कुणी तपासत नाही. पाऊस पडतोय म्हणजे धबधबा वाहतोय, असं आपण धरून चालतो.

गोकाकचा धबधबा घटप्रभेवर आहे. उंची सुमारे ५२ मीटर. पण या नदीवर वर हुक्केरी तालुक्यात हिडकलचं धरण आहे. जून-जुलैत पडणारा पाऊस आधी ते धरण भरतो. त्याच्याही खाली, धबधब्याच्या अलीकडं धुपदाळचा बंधारा आहे आणि तिथून शेतीसाठी कालवा निघतो. शिवाय धबधब्याशेजारच्या सूतगिरणीनं हेच पाणी विजेसाठी वापरलेलं. १८८७ साली इथं पाण्यावर वीज तयार झाली. आशियातल्या अगदी सुरुवातीच्या वीजनिर्मितीत गोकाकचं नाव घेतलं जातं. म्हणजे धरण, कालवा आणि वीज या तिघांना देऊन उरलेलं पाणी कड्यावरून कोसळतं. बेळगावात तीन दिवस धो धो पाऊस पडूनही गोकाकला बारीक धार असू शकते, ती यामुळं.

मग कसं ओळखायचं? पावसाळ्यात आपल्याकडची मराठी वर्तमानपत्रं धरणांची पातळी छापतात. ती चौकट बघायची सवय लावून घ्या. 'हिडकलमधून विसर्ग सुरू' अशी बातमी आली की गोकाकचा बेत करा. दुसरी खूण आंबोलीची. हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते आणि गडहिंग्लज, संकेश्वर करत हिडकलच्या खाली घटप्रभेला मिळते. तिच्या पाण्याला हिडकलची आडकाठी नाही. आंबोली-आजऱ्याकडं सलग चार-पाच दिवस जोरात कोसळला की गोकाकला रंग चढतो. आंबोलीतल्या त्या छोट्याशा गुहेतल्या देवळातून निघालेलं पाणी इथं येऊन एवढं रूप घेतं हे मुलांना सांगा, नकाशावर बोट ठेवून दाखवा. त्यांना ते फार आवडतं.

मात्र विसर्ग फार मोठा असेल, नदीकाठच्या गावांना इशारा दिला असेल, तर जाऊ नका. पूर ओसरायला लागल्यावर दोन-तीन दिवसांनी जा.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये हिडकलचं पाणी सोडल्याची बातमी वाचली आणि आत्याच्या लेकीला फोन केला. शनिवारी ती मुलांना घेऊन आली, रविवारी पहाटे आम्ही निघालो. धबधब्याचा आवाज गाडीतूनच ऐकू आला. पाण्याचा रंग मळलेल्या गेरूसारखा. मागच्या वेळी माझा हात ओढणारा धाकटा पुलाच्या दोराला घट्ट धरून उभा होता, त्याच्या भुवयांवर पाण्याचे बारीक थेंब जमले होते, आणि तो पंधरा मिनिटं एक शब्द बोलला नाही.

दांडेलीचंही असंच आहे. काळी नदीतलं राफ्टिंग सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं तरच होतं. पावसाळ्यात ते बंद असतं आणि इतर वेळीही पाणी सोडण्याची वेळ पर्यटकांच्या सोयीनं ठरत नाही. खोली राखून ठेवताना "राफ्टिंग आहे का?" असं विचारलं की "आहे" असंच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारा: "या आठवड्यात कुठल्या दिवशी झालं? किती वाजता? किती अंतर? पाणी सोडलं नाही तर पैसे परत देता का?" आम्ही एकदा हे न विचारता गेलो आणि पॅकेजचे पैसे भरून संथ पाण्यात अर्धा तास नाव वल्हवून आलो. त्याच मुक्कामात 'नदी दिसणारी खोली' म्हणून दिलेल्या खिडकीतून फक्त बांबूचं बेट दिसत होतं. आता मी पैसे भरण्याआधी त्याच खोलीच्या खिडकीतून व्हिडिओ कॉल करायला सांगते. बहुतेक जण करतात. जे टाळतात त्यांच्याकडं आम्ही जात नाही.

तिसरी पायरी: वाट उघडी आहे का?

दूधसागर. लोंढा, कॅसलरॉक ही रेल्वे स्थानकं आपल्या दाराशी, त्यामुळं बेळगावच्या प्रत्येक पाहुण्याला दूधसागर बघायचा असतो. ३१० मीटर उंचीचा, टप्प्याटप्प्यानं कोसळणारा हा धबधबा भर पावसाळ्यात डोळ्यांचं पारणं फेडतो यात शंका नाही. अडचण वाटेची आहे. गोव्यातल्या कुळ्याहून जीप जातात त्या भगवान महावीर अभयारण्यातून, ओढे ओलांडत. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी असल्यानं ही वाट बंद असते आणि साधारण ऑक्टोबरमध्ये उघडते. थोडक्यात, पाणी सर्वांत जास्त असतं तेव्हा जीप नसते. जानेवारीनंतर जीप असते, पण फोटोतला दुधाचा लोंढा नसतो.

मग बरेच जण रूळांवरून चालत जायचं ठरवतात. कृपा करून हे करू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी हा घाट बोगद्यांचा आणि तीव्र वळणांचा आहे. धुक्यात, पावसाच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. जुलै २०२३ मध्ये असे शेकडो लोक रेल्वे पोलिसांनी अडवून परत पाठवले होते.

पावसाळ्यात दूधसागर बघायचा सरळ मार्ग म्हणजे घाटातून जाणाऱ्या प्रवासी गाडीचं रीतसर तिकीट काढून डब्यात बसणं. गाडी दिवसा उजेडी तिथून जाते ना, हे वेळापत्रकात बघून घ्या. एक-दोन मिनिटंच धबधबा दिसतो आणि धुकं असेल तर तेवढाही दिसत नाही. पण घाटच इतका देखणा आहे की मी तो धबधब्यासाठी म्हणून करतच नाही. पाहुण्यांनाही "आपण घाट बघायला चाललोय" असं सांगते. त्यातून धबधबा दिसला तर आनंदच.

डब्यात जागा मिळाली की दारात उभं राहू नका, मुलांना खिडकीशी बसवा. पावसाचं पाणी आत येतं, म्हणून कपड्यांचा एक जोड वरच्या पिशवीत ठेवा.

ऑक्टोबरमध्ये जीप सुरू झाल्यावर जाणार असाल तर सकाळची पहिली पाळी गाठायची. म्हणजे बेळगावहून अंधारातच निघायला हवं.

खानापूर तालुक्यातल्या जंगलातल्या धबधब्यांबद्दल एवढंच सांगते: समाजमाध्यमांवर पत्ता दिसला म्हणून शिरू नका. तो भाग राखीव आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, तिथल्या बारापेडे गुहांमध्ये जगात दुर्मीळ असलेली राउटन जातीची वटवाघळं राहतात. ती जागा आपल्या पायांखाली येऊ नये असं मला मनापासून वाटतं. वनखात्याच्या कचेरीत विचारा. नाही म्हणाले तर नाही.

चौथी पायरी: गाडीतले तास आणि ठिकाणावरचे तास

कागदावर दोन आकडे लिहा. जाऊन-येऊन गाडीत किती तास, आणि प्रत्यक्ष तिथं किती तास. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त असेल तर एक तर मुक्काम करा, नाहीतर बेत बदला. म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी दोन्ही आकडे जवळपास सारखे ठेवते.

एका दिवसाचा गोवा या हिशेबात कधीच बसत नाही. चोर्ला घाटातून पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, हे ऐकायला सोपं. पण रविवारी घाट, मग उत्तरेच्या किनाऱ्यांवर गाडी लावायला जागा शोधणं, महागडं जेवण, तासभर समुद्र आणि संध्याकाळी पुन्हा घाट. बागा-कळंगुटला असं जाऊन आलेले माझे कितीतरी नातेवाईक सोमवारी कामावर डोळे चोळत बसलेले असतात. गोवा दोन मुक्कामांचा करा, आठवड्याच्या मधल्या वारी करा आणि दक्षिणेकडं उतरा.

एकच दिवस हातात असेल तर मी चोर्ल्याच्या रस्त्यावर कणकुंबीलाच थांबायला सांगते. मलप्रभेचा उगम इथं माउलीच्या देवळाशी आहे. पुढं सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाला धरण भरणारी ही नदी इथं एका कुंडात मावते. वाटेत जांबोटीला चहा, आणि नदी शांत असेल त्या महिन्यांत हब्बनहट्टीचा मारुती. दुपारी तीनपर्यंत घरी. आमच्या आईला गुडघ्यांमुळं फार चालवत नाही, तिची सर्वांत आवडती सहल हीच.

पाचवी पायरी: वार बदला, जमलं तर वेळही

आंबोलीला लोक नावं ठेवतात, तेव्हा मी विचारते, "कुठल्या वारी गेला होतासा?" उत्तर नेहमी शनिवार किंवा रविवार. वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीवरून निघालं की सत्तर किलोमीटरच्या आत आंबोली येते. मुख्य धबधबा अगदी रस्त्याला लागून, त्यामुळं पावसाळी रविवारी तिथं गाड्यांची रांग, मोठ्या आवाजातली गाणी आणि पायऱ्यांवर ढकलाढकली. असा दिवस बघितलेला माणूस पुन्हा जाणार नाही.

पण मंगळवारी सकाळी आठला जा. किंवा त्याहून चांगलं म्हणजे रात्र काढा. आंबोलीचं खरं वैभव अंधारात आहे. पावसाळ्यातल्या रात्री जाणकार वाटाड्याबरोबर विजेरी घेऊन फिरलं तर फांदीला चिकटलेला हिरवागार मलबारी उडता बेडूक दिसतो, पाण्यावर टांगलेली त्याची फेसाची घरटी दिसतात. हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या एका छोट्या माशाला नदीचंच नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. धबधब्याखाली भिजून परतणाऱ्यांना यातलं काहीच कळत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी जवळ ठेवा, मोजे गुडघ्यापर्यंतचे घाला.

सहावी पायरी: जवळचं दुसरं ठिकाण आधीच ठरवा

मुख्य ठिकाण फसलं तरी दिवस फसू नये. निघण्याआधीच वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिसरातलं एक ठिकाण पक्कं करा, आणि ते पावसावर अवलंबून नसलेलं असावं. गोकाकला पाणी असेल त्याच दिवशी मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकी धबधबाही करता येतो, पण पाणी नसेल तर दोन्ही कोरडी, म्हणून ती जोडी फक्त पावसाळ्यात. उन्हाळ्यात गोकाकऐवजी सरळ खानापूरकडं वळा. हलशीला कदंब राजांच्या काळातलं भूवराह-नरसिंहाचं देऊळ आहे, बाराव्या शतकातलं. देवळात एकमेकांसमोर दोन गाभारे, त्यामुळं मधल्या मंडपात उभं राहिलं की एकीकडं वराह आणि दुसरीकडं नरसिंह. दगडाचा गारवा मे महिन्यातही तळपायांना जाणवतो. त्याच रस्त्यावर नंदगड. २६ जानेवारी १८३१ ला कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला इथं फाशी दिलं. दूधसागराच्या दिवशी गोव्याच्या हद्दीत असाल तर तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ, तेही कदंब काळातलं. आंबोलीच्या बाजूला चंदगड तालुक्यातला पारगड.

आणि शहर सोडूनच जायचं नसेल तर किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर. १२०४ साली बांधलेली. आम्ही बेळगावकर पाहुण्यांना कुंदा आणि मांडे खायला घालतो, पण इथं नेत नाही. मंडपाच्या मधोमध उभं राहून मान वर करा. छतातून खाली लोंबणारं दगडी कमळ, पाकळीवर पाकळी, इतकं पातळ कोरलेलं की कडेला उजेड थोडा आरपार येतोय असं वाटतं. अर्धा तास पुरतो आणि कुणाचाही हिरमोड झालेला मी पाहिला नाही.

सातवी पायरी: निघायच्या आदल्या दिवशी

ठिकाणाजवळच्या एखाद्या हॉटेलला किंवा चहाच्या टपरीला फोन करा. "कसं आहे हो तिकडं?" असं मोघम विचारू नका, "लई भारी, या की" हेच ऐकायला मिळेल. मोजूनमापून विचारा: "काल पुलावर तुषार येत होते का? सकाळी धुकं किती वाजता हटलं? रस्ता कुठं खचलाय का?"

बायकांच्या स्वच्छतागृहाची चौकशी नक्की करा. धबधब्यांपाशी सोय बहुतेक वेळा नसते किंवा वापरण्यासारखी नसते, आणि घरातल्या बायका मग दिवसभर पाणीच पीत नाहीत. सहल आवडली नाही असं त्या म्हणतात तेव्हा खरं कारण कित्येकदा एवढंच असतं. वाटेतलं चांगलं हॉटेल हेरून ठेवा, जाताना आणि येताना तिथं थांबा.

भाड्याची, पिवळ्या पाटीची गाडी असेल तर महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा परवाना आहे का, हे चालकाला आदल्या दिवशीच विचारा. आपल्याकडं तासाभरात हद्द बदलते, आणि तपासणी नाक्यावर अर्धा-पाऊण तास सहज जातो.

मुलांना आणि वडीलधाऱ्यांना आजच्या तारखेचा फोटो दाखवा. "उद्या एवढंच पाणी असेल, चालेल का?" असं विचारा. नको म्हणाले तर बेत बदलायला अजून रात्र हातात असते.

परत आल्यावर

आपण टाकलेला फोटो पुढच्या माणसाला फसवणार नाही एवढी काळजी घ्या. फोटोखाली तारीख, वार, वेळ लिहा आणि गर्दीचा एक फोटोही टाका. मी गुगलवर साधारण असं लिहिते: "१२ ऑगस्ट, बुधवार, सकाळी साडेनऊ. हिडकलचा विसर्ग चालू. तुषार पुलापर्यंत. गाडी लावायला जागा मिळाली. स्वच्छतागृह बंद होतं. कातळ निसरडा, लहान मुलांना पुलावरूनच दाखवा."